विमान सोडायचे की उतरवायचे?

हवेत असलेल्या विमानाचे इंजिन बंद पडले, आग लागली किंवा विमान वैमानिकाचे ऐकेनासे झाले, की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. विमान सोडून पॅराशूटने खाली यायचे, किंवा विमानासकट जिथे जमेल तिथे उतरायचे. दोन्ही वाटांनी माणसे वाचली आहेत आणि दोन्ही वाटांवर प्राणही गेले आहेत. कोणती वाट केव्हा धरायची, हे वैमानिकाच्या धाडसापेक्षा चार गोष्टींवर ठरते: बाहेर पडण्याची सोय कोणती आहे, उंची आणि वेग किती आहे, विमान अजून ताब्यात आहे का, आणि खाली काय आहे. विमानाच्या प्रकारागणिक या चार गोष्टींची उत्तरे बदलतात आणि त्यांच्याबरोबर निर्णयही बदलतो.

प्रवासी विमान: एकच वाट

प्रवासी विमानात ही निवड नसतेच. प्रत्येक आसनाखाली पॅराशूट का ठेवत नाहीत, हा प्रश्न अनेकांना पडतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरचे तापमान उणे ५० अंश सेल्सियसच्या आसपास असते. हवा इतकी विरळ असते की प्राणवायूच्या मुखवट्याशिवाय माणूस मिनिटभरात भान हरपतो. विमानाचा वेग ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर असतो आणि आतल्या हवेच्या दाबामुळे दारे उघडतच नाहीत. ती उघडली असे धरले, तरी मुले आणि वृद्ध धरून दीड-दोनशे माणसे एकामागून एक बाहेर पडायला लागणारा वेळ मिळणार नाही. मुख्य म्हणजे बहुतेक अपघात उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी, जमिनीजवळ होतात. तिथे पॅराशूट उघडायला पुरेशी उंचीच नसते. म्हणून प्रवासी विमानाची सारी सुरक्षाव्यवस्था एकाच गृहीतकावर उभी आहे: काहीही झाले तरी विमान ताब्यात ठेवूनच खाली आणायचे.

हे वाटते तितके अशक्य नसते. इंजिने बंद पडलेले मोठे विमान लगेच कोसळत नाही. ते तरंगत उतरू लागते आणि एक किलोमीटर उंची गमावताना साधारण पंधरा किलोमीटर पुढे जाते. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅट कंपनीचे एअरबस ए-३३० अटलांटिक महासागरावर असताना गळतीमुळे त्याचे इंधन संपले. दोन्ही इंजिने बंद असलेले हे विमान सुमारे एकोणीस मिनिटे तरंगत अझोर्स बेटांवरील लाजेस तळावर उतरले. आतली सर्व ३०६ माणसे वाचली. त्याआधी २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन सुमारे साडेबारा किलोमीटर उंचीवर संपले होते. इंधन मोजताना किलो आणि पौंड यांची गल्लत झाली होती. कॅप्टन बॉब पीअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. उंची जास्त राहिली आहे हे पाहून त्यांनी ग्लायडरसारखे विमान तिरके घसरवत खाली आणले आणि मॅनिटोबा प्रांतातील गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालू होत्या, तरीही कोणाचा जीव गेला नाही.

भारतातील असा प्रसंग १५ नोव्हेंबर १९९३ चा. मद्रासहून हैदराबादला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३०० ला हैदराबादेत कमी दृश्यमानतेमुळे उतरता आले नाही. परत फिरताना पंखांची फ्लॅप्स, म्हणजे मागच्या कडेची झडपे, बाहेर आलेल्या स्थितीतच अडकली. त्यामुळे हवेचा अडथळा वाढला, इंधन भराभर संपू लागले आणि मद्रास गाठणे अशक्य झाले. वैमानिकांनी विमान तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरवले. आतली सर्व २६२ माणसे वाचली. त्यांत चिरंजीवी आणि विजयशांती यांच्यासारखे तेलुगू चित्रपटसृष्टीतील नामवंत कलाकार होते.

खाली पाणी असले, तरी तत्त्व तेच राहते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या यूएस एअरवेजच्या ए-३२० विमानावर साधारण ८५० मीटर उंचीवर कॅनडा हंसांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. कॅप्टन चेस्ली सलनबर्गर आणि सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्या हाती साडेतीन मिनिटे होती. परतीचा विमानतळ गाठताना विमान थोडे जरी कमी पडले असते, तरी ते दाट वस्तीत कोसळले असते. त्यांनी हडसन नदी निवडली आणि १५५ जण वाचले. याउलट २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियन एअरलाइन्सचे बोइंग ७६७ इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरताना एका अंगावर झुकलेले होते. पंखाचे टोक आधी पाण्यात रुतले, विमान फुटले आणि १७५ पैकी १२५ जण मरण पावले. त्यांतल्या काहींनी लाइफ जॅकेट विमानातच फुगवले होते आणि पाणी शिरल्यावर त्यांना बाहेर पडता आले नाही. पंख समतल, वेग शक्य तितका कमी आणि खाली येण्याची गती मंद, या तीन अटी पाळता आल्या तर पाण्यावरही जगण्याची शक्यता चांगली असते.

नियंत्रण जवळजवळ पूर्ण गेले असतानाही प्रवासी विमान धावपट्टीपर्यंत नेण्याचाच प्रयत्न होतो. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतील इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान वळवले आणि आयोवा राज्यातील सू सिटीला आणले. विमान धावपट्टीवर आदळून उलटले, पण २९६ पैकी १८४ जण वाचले.

पॅराशूटचा प्रवेश

एकट्या-दुकट्याच्या लष्करी विमानात मात्र दुसरी वाट खुली असते. ती सहज मिळाली नाही. पहिल्या महायुद्धात फुग्यांत बसून टेहळणी करणाऱ्यांना पॅराशूट दिले जात होते, पण ब्रिटिश वैमानिकांना नव्हते. तेव्हाची पॅराशूट जड आणि अवजड होती, लहानशा कॉकपिटमध्ये मावत नव्हती. हाताशी पॅराशूट असले तर वैमानिक वाचवण्याजोगे विमानही सोडून देतील, असाही एक विचार होता. जर्मनीने १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना पॅराशूट दिले. बाकीच्यांपुढे पेटलेल्या विमानातच बसून राहणे किंवा तसेच खाली उडी घेणे एवढेच उरत होते.

१९१९ मध्ये अमेरिकेत लेस्ली अर्व्हिन यांनी दोरी ओढून उघडणाऱ्या पॅराशूटने उडी मारून दाखवली. माणूस विमानापासून दूर जाईपर्यंत शुद्धीवर राहतो आणि स्वतः पॅराशूट उघडू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. २० ऑक्टोबर १९२२ रोजी लेफ्टनंट हॅरॉल्ड हॅरिस यांनी ओहायोतील डेटन येथे हवेत मोडू लागलेल्या विमानातून उडी घेऊन जीव वाचवला. त्यानंतर पॅराशूटने वाचलेल्यांचा 'कॅटरपिलर क्लब' निघाला; पॅराशूटचे रेशीम अळी (कॅटरपिलर) देते म्हणून हे नाव. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडण्यापूर्वी चार वेळा पॅराशूटने जीव वाचवला होता.

दुसऱ्या महायुद्धात हा निर्णय रोजचा झाला आणि त्याचे बारकावे कळत गेले. स्पिटफायर विमान समुद्रावर उतरवणे धोक्याचे होते. त्याच्या पंखांखालचे रेडिएटर पाण्यात अडकत आणि नाक खाली जाऊन विमान बुडे. म्हणून पाण्यावर असताना उडी मारणेच बरे, असे वैमानिकांना सांगितले जाई. शेतात पोटावर उतरायला मात्र हेच विमान बऱ्यापैकी चालत असे. बॉम्बफेकी विमानांत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता, कारण त्यांत सात ते दहा माणसे असत. बाकीचे उडी मारेपर्यंत विमान सरळ धरून ठेवणे वैमानिकाचे काम, आणि तो बाहेर पडणारा शेवटचा. एखादा साथीदार जखमी होऊन हलू शकत नसेल, तर इतरांना उडी मारायला सांगून वैमानिक त्याच्यासाठी विमान उतरवण्याचा प्रयत्न करी. बाहेर पडण्याची झडप केवढी आहे, यावरही जीव अवलंबून असे. ब्रिटिश बॉम्बफेकी दलाच्या संशोधन विभागात काम केलेले फ्रीमन डायसन यांनी नोंदवले आहे की पाडल्या गेलेल्या हॅलिफॅक्स विमानांतून जितक्या प्रमाणात माणसे सुटली, तितकी लँकेस्टरमधून सुटली नाहीत, कारण लँकेस्टरची झडप अरुंद होती.

इजेक्शन सीट

विमानांचा वेग वाढला तशी हाताने बाहेर पडण्याची वाट बंद होत गेली. ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरच्या वाऱ्यात माणसाला कॉकपिटमधून उठताच येत नाही, आणि उठला तरी तो शेपटीवर आदळतो. त्यावर उपाय म्हणजे माणसाला आसनासकट बाहेर फेकणे. जर्मनीत १३ जानेवारी १९४२ रोजी हेल्मुट शेंक यांनी हाइन्केल हे-२८० हे बर्फाने गोठून नियंत्रण गेलेले विमान अशा आसनाने सोडले. संकटात इजेक्शन सीट वापरून वाचलेले ते पहिले वैमानिक.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मार्टिन-बेकर कंपनीच्या एमबी-३ या नव्या विमानाची चाचणी चालू होती. १२ सप्टेंबर १९४२ रोजी त्याचे इंजिन बंद पडले आणि सक्तीने उतरण्याच्या प्रयत्नात कंपनीचे भागीदार कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर मरण पावले. मित्राच्या मृत्यूनंतर जेम्स मार्टिन यांचे लक्ष वैमानिकाच्या सुरक्षेकडे वळले आणि विमाने बनवू पाहणारी कंपनी पुढे आसने बनवणारी कंपनी झाली. २४ जुलै १९४६ रोजी कंपनीतील कामगार बर्नार्ड लिंच यांनी ताशी सुमारे ५१५ किलोमीटर वेगाने उडणाऱ्या मीटिअर विमानातून पहिली चाचणी उडी यशस्वी केली. या कंपनीच्या आसनांनी आजवर सात हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत. भारताच्या जॅग्वार, मिराज २००० आणि तेजस या विमानांत तिचीच आसने आहेत. मिग-२९ आणि सुखोई-३० मध्ये रशियन के-३६ जातीची आसने असतात.

आधुनिक आसनाचे काम मूठ ओढताच सुरू होते. पट्टे आवळून शरीर आसनाला घट्ट बसवले जाते. डोक्यावरची काचेची छत्री, म्हणजे कॅनोपी, उडवली जाते किंवा तिच्यातल्या स्फोटक धाग्याने फोडली जाते. मग दारूच्या जोराने आसन रुळावरून वर सुटते आणि खालचे रॉकेट पेटून ते विमानापासून दूर नेते. छोटे पॅराशूट आसन स्थिर करते, माणूस आसनापासून वेगळा होतो आणि मुख्य पॅराशूट उघडते. कमी उंचीवर हे सगळे दोन-तीन सेकंदांत आटोपते. १९६० च्या दशकात 'शून्य-शून्य' आसने आली. विमान धावपट्टीवर उभे असले, म्हणजे उंची शून्य आणि वेगही शून्य असला, तरी ही आसने माणसाला पॅराशूट उघडण्याइतके वर फेकतात.

'शून्य-शून्य' या नावामुळे एक गैरसमज होतो. विमान समतल असेल आणि वेगाने खाली जात नसेल, तरच हा दावा खरा असतो. विमान एका कुशीवर वळलेले असेल तर आसन वर न जाता आडवे जाते. उलटे असेल तर थेट जमिनीकडे. विमान वेगाने खाली येत असेल तर आसनाने दिलेल्या वरच्या गतीतून तेवढी गती वजा होते. एफ-१०४ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या सुरुवातीच्या प्रकारांत आसन उंच शेपटीला आदळू नये म्हणून ते खालच्या बाजूने फेकले जाई. २६ जुलै १९५८ रोजी नामवंत चाचणी वैमानिक इव्हन किन्चेलो यांना कमी उंचीवर हे आसन वापरावे लागले आणि त्यांचा मृत्यू झाला. पुढे वर फेकणारी आसने बसवली गेली.

आसनाची किंमत शरीरही मोजते. क्षणभरासाठी शरीरावर त्याच्या वजनाच्या बारा ते वीस पट भार येतो. पाठीचा मणका दबून त्याला तडा जाणे ही नेहमी आढळणारी इजा आहे. फार वेगात बाहेर पडल्यास वाऱ्याच्या झोताने हातपाय मोडतात. वाचलेल्या वैमानिकांपैकी काही जण पुन्हा उड्डाण करतात, काहींना लढाऊ विमान कायमचे सोडावे लागते. त्यामुळे लढाऊ विमानातही बाहेर पडणे हा पहिला उपाय नसतो.

लढाऊ विमानाचा हिशेब

लढाऊ विमानाचे पंख लहान असतात आणि उतरण्याचा वेग ताशी २७० किलोमीटर किंवा त्याहून अधिक असतो. चार आसनांचे छोटे विमान ताशी ९० किलोमीटरच्या आसपास उतरते. वेग तिप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा नऊपट होते. म्हणून छोटे विमान शेतात उतरवणे शहाणपणाचे ठरते, आणि तेच लढाऊ विमानाच्या बाबतीत बहुधा प्राणघातक. बांध, विहीर किंवा खड्डा आला की विमान उलटते आणि मग आसनही वापरता येत नाही. लढाऊ विमानांचा सर्वसाधारण नियम त्यामुळे असा: धावपट्टी गाठता येत असेल तर उतरवा, येत नसेल तर रानात उतरवायला जाऊ नका, बाहेर पडा.

२७ मे १९९९ रोजी कारगिलमध्ये फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या मिग-२७ चे एकमेव इंजिन रॉकेटे डागल्यानंतर बंद पडले. ते पुन्हा सुरू होईना आणि खाली डोंगर होते. त्यांनी विमान सोडले, ते पाकिस्तानच्या ताब्यात सापडले आणि ३ जून रोजी त्यांची सुटका झाली. शत्रूच्या हाती पडण्याचा धोका युद्धकाळात या हिशेबात मिसळतो, पण विमान ताब्यातच नसेल तर तो निर्णय बदलू शकत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण १२ ऑक्टोबर २०२० चे. तेजस विमानातील विंग कमांडर वरुण सिंग यांच्या कॉकपिटमधील हवेचा दाब उंचावर बिघडला. खाली येत असताना उड्डाण-नियंत्रण प्रणालीही बिघडली आणि विमान अनावर होऊन वर-खाली हेलकावे खाऊ लागले. त्यांनी ते सावरले, पण सुमारे तीन हजार मीटर उंचीवर पुन्हा तेच घडले. विमान सोडण्याची पूर्ण मुभा असताना त्यांनी ते सुरक्षित उतरवले. विमान शाबूत राहिल्यामुळे बिघाडाचे मूळ शोधता आले. त्यांना २०२१ मध्ये शौर्य चक्र मिळाले. हा पुरस्कार असामान्य कामगिरीसाठी असतो, आणि त्यातूनच दिसते की अशा वेळी बाहेर पडणे हेच सामान्यतः अपेक्षित वर्तन आहे.

वेळ असेल तर निर्णय सावकाश घेता येतो. २८ जानेवारी २०२५ रोजी अलास्कात एफ-३५ विमानाच्या चाकांच्या हायड्रॉलिक तेलात पाणी जाऊन ते गोठले. वैमानिक हवेतूनच विमान बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांशी सुमारे पन्नास मिनिटे बोलत होता. दोनदा धावपट्टीला स्पर्श करून चाके सरळ करण्याचा प्रयत्न झाला. मात्र गोठलेल्या चाकांमुळे विमान जमिनीवरच आहे असा संवेदकांचा समज झाला आणि उड्डाण-नियंत्रण बिघडले. वैमानिकाने विमान सोडले आणि तो वाचला.

खाली वस्ती असेल तर

सोडलेले विमान कुठेतरी पडणारच. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात नौदलाच्या मिग-२९के विमानावर उड्डाणानंतर पक्ष्यांचा थवा आदळला. डावे इंजिन बंद पडले, उजव्याने पेट घेतला. वैमानिकांनी विमानाचे तोंड वस्तीपासून वळवले आणि मगच ते बाहेर पडले. विमान वेर्णाच्या परिसरात पडले आणि दोघेही वाचले. नाशिक जिल्ह्यात ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० विमाने बनतात आणि दुरुस्त होतात. त्यांपैकी एक २७ जून २०१८ रोजी आणि एक ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात शेतांत कोसळले. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले.

विमानाचे तोंड वळवणे उपयोगी असते, पण ती खात्री नव्हे. कॅनोपी आणि आसन गेले की विमानाचे वजन, तोल आणि हवेचा प्रवाह बदलतो आणि विमान पुढे काय करेल ते सांगता येत नाही. २ फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेत मोंटाना राज्यावर एफ-१०६ विमान गिरक्या घेत कोसळू लागले. वैमानिक बाहेर पडताच विमान आपोआप सावरले आणि बर्फाच्छादित शेतात पोटावर जाऊन उतरले. दुरुस्त होऊन ते पुन्हा सेवेत आले. ४ जुलै १९८९ चा शेवट मात्र वाईट झाला. पोलंडमधून उडालेल्या सोव्हिएत मिग-२३ चे इंजिन निकामी होत आहे असे वाटून वैमानिकाने विमान सोडले. इंजिन पुन्हा जोर धरून विमान सुमारे नऊशे किलोमीटर एकटेच उडत राहिले, इंधन संपल्यावर बेल्जियममध्ये एका घरावर पडले आणि आतील अठरा वर्षांच्या तरुणाचा जीव गेला.

८ डिसेंबर २००८ रोजी सॅन डिएगो शहरात अमेरिकी एफ/ए-१८ विमान एका घरावर पडून एकाच कुटुंबातील चौघे मरण पावले. वैमानिकाने अगदी शेवटी विमान सोडले होते. चौकशीत दोष मुख्यतः आधीच्या निर्णयाचा ठरला. एक इंजिन बंद आणि दुसऱ्याचा इंधनपुरवठा संशयास्पद असताना समुद्रावरून जाऊन गाठता येणारा विमानतळ जवळ होता. तरीही विमान वस्तीवरून जावे लागणाऱ्या तळाकडे पाठवले गेले होते. अनेक अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. वस्तीचा विचार शेवटच्या सेकंदासाठी ठेवला तर उशीर होतो. बिघाड कळताच कोणत्या बाजूने जायचे हे ठरवतानाच तो करावा लागतो.

छोटी विमाने आणि हेलिकॉप्टर

एका इंजिनाच्या छोट्या विमानात पारंपरिक शिकवण उतरण्याचीच आहे. सेस्ना १७२ सारखे विमान इंजिन बंद असताना एक किलोमीटर उंचीतून साधारण नऊ किलोमीटर जाते. योग्य वेग धरायचा, वाऱ्याची दिशा पाहून शेत निवडायचे, इंजिन सुरू करून पाहायचे आणि जमिनीला टेकेपर्यंत विमान ताब्यात ठेवायचे, असा हा क्रम आहे. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले, तर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह आवरायचा. कमी उंचीवर, मंद वेगात घेतलेल्या वळणात पंखांची उचल संपते आणि विमान गिरकी खाऊन पडते. समोरच्या जागेत सरळ उतरणे त्यापेक्षा पुष्कळ बरे. कसरती करणारे आणि ग्लायडर चालवणारे मात्र पाठीवर पॅराशूट बांधतात, कारण तिथे विमान मोडण्याचा किंवा हवेत टक्कर होण्याचा धोका असतो.

अमेरिकेतील सिरस कंपनीने १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या एसआर-२० विमानात या दोन वाटांची सांगड घातली. मूठ ओढली की रॉकेटने एक मोठे पॅराशूट बाहेर पडते आणि माणसांसकट अख्खे विमान त्याला लटकून खाली येते. जमिनीवरचा आघात साधारण साडेतीन-चार मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो आणि तो सोसण्यासाठी चाके व आसने खास बनवलेली असतात. ऑक्टोबर २००२ मध्ये टेक्सासमध्ये पहिल्यांदा या सोयीने जीव वाचला. आता ही संख्या दोनशेवर गेली आहे. सुरुवातीची काही वर्षे मात्र पॅराशूट असूनही वैमानिक ते न वापरता मरत होते. विमान उतरवण्याची सवय इतकी मुरलेली होती की मूठ हा शेवटचा उपाय मानला जाई आणि तोवर उंची संपलेली असे. 'आधी पॅराशूटचा विचार करा' असे प्रशिक्षण रुजल्यावर मृत्यूंचे प्रमाण घटले.

हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावर फिरणारी पाती असल्यामुळे वर फेकणारे आसन सहसा नसते. त्याऐवजी इंजिन बंद पडले की खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत ठेवायची आणि जमिनीजवळ त्यांतली साठलेली गती वापरून अलगद उतरायचे, ही पद्धत प्रत्येक हेलिकॉप्टर वैमानिक शिकतो. रशियाच्या कामोव्ह का-५० मध्ये मात्र आधी स्फोटाने पाती उडवून मग वैमानिकाला बाहेर काढण्याची सोय आहे.

उशीर हाच मोठा शत्रू

इजेक्शन सीट वापरूनही जे मरतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचे आसन नीट चाललेले असते. मूठ उशिरा ओढलेली असते. या उशिराची कारणे ओळखीची आहेत. बिघाड दुरुस्त होईल अशी आशा सुटत नाही. बिघाड आपल्या चुकीने झाला असेल, तर विमान वाचवून ती भरून काढण्याची धडपड होते. कोट्यवधींचे विमान सोडल्याचा ठपका येईल ही भीती असते. आणि ताणाखाली वेळेचे भान हरपते: पाच सेकंद गेली असताना वैमानिकाला एखादेच गेल्यासारखे वाटते. सेकंदाला पन्नास मीटर वेगाने खाली येणारे विमान तीनशे मीटर उंचीवरून सहा सेकंदांत जमिनीवर आदळते, आणि त्यांतली दोन-तीन आसनालाच लागतात.

म्हणून हवाई दले हा निर्णय शक्य तितका आधी आकड्यांत बांधून ठेवतात. एफ-१६ सारख्या विमानांसाठी अमेरिकी हवाई दलाचा दंडक सांगतो की विमान अनावर असेल आणि जमिनीपासून ठरलेल्या उंचीपर्यंत सावरले नसेल, तर बाहेर पडायचे. विमान ताब्यात असून सोडावेच लागणार असेल, तर दोन हजार फुटांच्या वरच सोडायचे. दोन आसनी विमानात कोणी मूठ ओढली की दोघे बाहेर फेकले जातील, हेही उड्डाणाआधी ठरते. सिम्युलेटरवर हे प्रसंग पुन्हा पुन्हा घडवले जातात आणि बाहेर पडण्याचा आदेश ठरलेल्या शब्दांत दिला जातो, म्हणजे ऐकणाऱ्याला अर्थ लावत बसावे लागत नाही.

छोट्या विमानाचा वैमानिकही धावपट्टीवर उभा असताना असाच हिशेब मोठ्याने म्हणतो: या उंचीखाली इंजिन गेले तर समोर उतरायचे, या उंचीच्या वर गेले तर परत वळायचे, पॅराशूट असेल तर अमुक उंचीपासून मूठ ओढायची. 'सोडावे की उतरवावे' या प्रश्नाला सर्व विमानांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. प्रत्येक विमानाचे, प्रत्येक उंचीचे आणि प्रत्येक भूभागाचे उत्तर मात्र आधीच काढून ठेवता येते. संकटात वैमानिकाने ते नव्याने शोधायचे नसते, ठरलेली उंची येताच फक्त अमलात आणायचे असते.